भुलीचा चार्ट संगणकावर: आधी तारा आणि घड्याळ, मग सॉफ्टवेअर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या रुग्णालयांत नोंदणी, औषधसाठा, रक्त-लघवीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड हे सगळे बघता बघता संगणकावर गेले. आता ऑपरेशन थिएटरमधला भुलीचा चार्टही संगणकानेच भरावा, असा आग्रह ऐकू येतो. आग्रह योग्य आहे. पण ही नोंद बाकीच्या नोंदींसारखी सावकाश, टेबलाशी बसून करायची नसते. पेशंटवरची नजर न हलवता मिनिटामिनिटाला करायची असते. शिवाय पुण्या-मुंबईच्या थंडगार सभागृहात लॅपटॉपवर जे झकास चालताना दाखवतात, ते जुलैमध्ये गुहागरला किंवा देवगडला तसेच चालेल याची हमी विक्रेता देत नाही. ज्यांच्या सहीने खरेदी होते त्या ट्रस्टी मंडळींना आणि नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरांना उपयोग व्हावा, आणि ज्यांना टेबलावर झोपायचे आहे त्यांनाही आपल्या कागदावर काय असायला हवे ते कळावे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

चार्ट म्हणजे भूल सुरू झाल्यापासून पेशंट शुद्धीवर येईपर्यंतची वेळपट्टी. नाडी, रक्तदाब, रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, तापमान, कोणते औषध किती वाजता किती दिले, सलाईन किती गेले, रक्त किती गेले, लघवी किती झाली, हे सगळे तिच्यावर मांडायचे. नाडी आणि रक्तदाब कमीत कमी दर पाच मिनिटांनी, हा जगभरचा दंडक. १८९४ च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन यांनी, दोघेही तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी, ईथरच्या भुलीत नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. १९०१ मध्ये कुशिंग यांनी इटलीत रीव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा पट्टा पाहिला आणि त्यानंतर रक्तदाबही चार्टवर आला. आज सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडच्या बहुतेक थिएटरांत तोच चौकटींचा कागद आहे.

त्या कागदाची अडचण त्याच्याशी रोज काम करणाऱ्याला ठाऊक असते. घसरगुंडी नेमकी जेव्हा होते तेव्हा भूलतज्ज्ञाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. घशात नळी घालताना कोणी पेन उचलत नाही, उचलूही नये. मग दहा मिनिटांनी आठवून लिहिले जाते, आणि आठवणीतले आकडे नेहमी गोल आणि शांत असतात. ११८ चे १२० होतात, ८८ चे ९० होतात, आणि मधली दीड मिनिटाची घसरण कागदावर उमटतच नाही. सिझरचेच घ्या. पाठीतून भूल दिल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत आईचा रक्तदाब उतरतो. त्या वेळात कफ, म्हणजे रक्तदाब मोजायचा दंडाचा पट्टा, दर मिनिटाला किंवा फार तर दर दोन मिनिटांनी फुगला पाहिजे. नाडी-दाब मोजून दाखवणारा मॉनिटर तसा लावलेला असतोही, पण कागदावर पाच-पाच मिनिटांच्याच खुणा पडतात. दोन खुणांच्या मध्ये दाब ८० पर्यंत उतरून मेफेन्टरमाईन या दाब चढवणाऱ्या औषधाच्या ६ मिलिग्रॅमवर सावरला, तर चार्ट पाहणाऱ्याला औषध दिसते आणि ते का दिले ते दिसत नाही.

संगणक हे बरोबर पकडतो. मॉनिटरच्या मागे सिरियल किंवा नेटवर्कचे पोर्ट असते, त्यातून आकडे बाहेर पडतात, थिएटरमधला संगणक ते झेलतो, वेळ टाकून साठवतो आणि पडद्यावर आलेख काढतो. भुलीच्या मशीनला आणि व्हेंटिलेटरला असे पोर्ट असेल तर वायूंचे प्रवाह, भुलीच्या वाफेचे प्रमाण, श्वासाचा दाब हेही येते. बॉइल नावाच्या जुन्या साध्या भूल-मशीनला असले काही नसते. तिथे वायूंचे आकडे हातानेच भरावे लागतात आणि हे विक्रेता आधी सांगत नाही.

खरेदीतली पहिली फसगत इथेच होते. मॉनिटरच्या पाठीवर नेटचे छिद्र दिसले म्हणजे आकडे मिळतीलच असे नाही. कित्येक मॉनिटर आपल्याच कंपनीच्या सेंट्रल स्टेशनशी, म्हणजे सगळ्या मॉनिटरांचे आकडे एकत्र दाखवणाऱ्या संगणकाशी, आपल्याच भाषेत बोलतात. ती भाषा उघड करायला कंपनी वेगळे पैसे मागते, कधी कधी साफ नाही म्हणते. म्हणून आपल्या थिएटरमधल्या प्रत्येक मॉनिटरचे मॉडेल आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून काढावी, आणि 'या मॉडेलमधून हे हे आकडे, इतक्या सेकंदांनी मिळतील' असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. नाडी, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दर १५ सेकंदांनी आणि रक्तदाब कफ फुगेल तेव्हा तेव्हा, एवढे मिळाले की पुरे. साठवणुकीची भीती घालून मोठा सर्व्हर गळ्यात मारू पाहणारे भेटतात. हिशेब सोपा आहे: दहा मोजमापे दर १५ सेकंदांनी म्हणजे तासाला २,४०० आकडे. एखाद्या फोटोएवढीही जागा त्याला लागत नाही.

आता त्या आकड्यांच्या खरेपणाविषयी. यंत्र खोटे लिहीत नाही, पण त्याला दिसेल ते सगळे लिहिते. कॉटरी, म्हणजे विजेने कापायचे आणि रक्त थांबवायचे यंत्र, सुरू झाली की ईसीजीच्या रेषेत गवत उगवते आणि नाडी १८०, २१० अशी नोंदली जाते, तर बोटावरच्या प्रोबची, म्हणजे ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याची, नाडी त्याच क्षणी ७६ दाखवत असते. म्हणून सॉफ्टवेअरला ईसीजीची नाडी आणि प्रोबची नाडी वेगवेगळ्या रकान्यांत घ्यायला सांगावे. प्रोब आणि रक्तदाबाचा कफ एकाच हाताला असतील तर कफ फुगला की त्या हाताचा प्रवाह थांबतो आणि ऑक्सिजन दर वेळी ९९ वरून ८० च्या घरात जाऊन परत येतो. चार्टवर दर पाच मिनिटांनी एक खड्डा. वकिलाच्या हाती असा चार्ट पडला तर समजावून सांगताना घसा कोरडा होईल. उपाय फुकटचा आहे: प्रोब दुसऱ्या हाताला. रोहिणीत सुई घालून रक्तदाब मोजत असाल तर लाईन फ्लश करताना, म्हणजे नळी सलाईनने जोरात धुताना, ३०० चा सुळका येतो. तपासणीसाठी रक्त काढताना रेषा सपाट होते. हा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवरून १५ सेंटिमीटर खाली घसरला तर दाब खऱ्यापेक्षा सुमारे ११ मिलिमीटरने जास्त दिसतो, आणि ही चूक सुळक्यासारखी डोळ्यात भरत नाही, म्हणून जास्त वाईट. कार्बन डायऑक्साइडच्या बारीक नळीत पाणी साचले, जे आपल्या दमट हवेत सारखे होते, की आकडा शून्य. पेशंट श्वास घेत नाही असे संगणक लिहून मोकळा होतो.

असे खोटे आकडे पुसायचे का? अजिबात नाही. मूळ आकडा जागेवर ठेवायचा आणि शेजारी 'कॉटरी', 'लाईन फ्लश', 'नळीत पाणी' असा शेरा लावायचा. बरीच सॉफ्टवेअर मिनिटातल्या आकड्यांचा मधला आकडा काढून रेषा गुळगुळीत करतात. वाचायला ते सोयीचे आहे, हरकत नाही, पण खालचा कच्चा आकडा एका क्लिकवर दिसला पाहिजे. आणि रेषा पाच मिनिटांच्या सरासरीने काढणारे सॉफ्टवेअर मुळीच घेऊ नये. कागदाने जे लपवले तेच मग ते पैसे घेऊन लपवते.

खोट्या आकड्यापेक्षा घातक गोष्ट म्हणजे आकडाच न येणे. अमेरिकेतल्या अशा एका प्रकरणाची माहिती २००६ मध्ये भूलशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली होती. ऑपरेशन चालू असताना मॉनिटरचे आकडे नोंदीपर्यंत पोहोचणे थांबले आणि दीड तासाच्या आसपास ते कोणाच्या लक्षात आले नाही. मॉनिटरवर सगळे दिसत होते, चार्टवर मात्र भोक. पेशंटला नंतर गंभीर अपंगत्व आले, आणि ते भोक रुग्णालयाच्या अंगाशी आले. कागदाच्या काळात हे घडत नव्हते, कारण लिहिणारा हात थांबला की रिकामी चौकट समोर दिसे. आपोआप लिहिले जाते म्हटल्यावर माणूस त्या बाजूला बघणे सोडतो.

म्हणून डेमोच्या दिवशी एकच परीक्षा घ्यावी. मॉनिटर चालू ठेवून मागची तार हळूच उपटावी आणि घड्याळ लावून बसावे. पडद्यावर ठळक सूचना आणि आवाज एका मिनिटाच्या आत आला पाहिजे. कोपऱ्यातला हिरवा ठिपका राखाडी होणे ही सूचना नव्हे. तार परत लावल्यावर नोंद आपोआप सुरू होते का, की कोणीतरी बटण दाबावे लागते, तेही पाहावे. मग नेटवर्कची तार काढावी. चांगल्या रचनेत थिएटरमधला संगणक आधी स्वतःच्या डिस्कवर लिहितो आणि सर्व्हरला नंतर पाठवतो, त्यामुळे नेटवर्क तासभर गेले तरी नोंदीत खंड पडत नाही. थेट ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर लिहिणारी रचना खाडीपलीकडच्या गावात चालवायचे धाडस करू नये. मोबाईलला रेंज मिळवायला जिथे गच्चीवर जावे लागते, तिथे थिएटरमधल्या नोंदी इंटरनेटच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

घड्याळांचा घोळ याहून किरकोळ वाटतो आणि जास्त छळतो. एका थिएटरमध्ये मॉनिटरचे घड्याळ, भुलीच्या मशीनचे, संगणकाचे आणि भिंतीवरचे अशी चार घड्याळे असतात. बाळ जन्मल्याची वेळ सिस्टर भिंतीवर बघून लिहिते, रक्तदाब मॉनिटरच्या वेळेने येतो, औषध संगणकाच्या वेळेने. मॉनिटर चार मिनिटे पुढे असेल तर १०:०८ ला उतरलेला दाब १०:१२ ला नोंदला जातो, आणि त्यावर १०:०९ ला दिलेले औषध दाब उतरण्याच्या तीन मिनिटे आधी दिल्यासारखे दिसते. वाचणारा विचारणार, दाब चांगला असताना हे कशाला टोचले? यासाठी दोन गोष्टी कराव्यात. आलेल्या प्रत्येक आकड्यावर संगणकाने स्वतःची वेळ टाकावी, आणि थिएटरमधली सगळी यंत्रे एकाच संगणकाच्या घड्याळाला बांधावीत. यासाठी इंटरनेट लागत नाही, आतल्या नेटवर्कवर एक संगणक वेळ देणारा नेमला की झाले. ज्या यंत्रांना तशी सोय नाही त्यांची वेळ दर सोमवारी सकाळी मोबाईलशी ताडून हाताने लावावी आणि वहीत सही करावी. आतला छोटा सेल संपलेले मॉनिटर वीज गेल्यावर कारखान्यातल्या तारखेवर जातात. लांबलेल्या वीजखंडानंतर तारीख आधी बघावी, पेशंट नंतर घ्यावा.

हाताने भरायच्या भागाकडे कोणी बघत नाही, पण सॉफ्टवेअर वापरात राहील की धूळ खाईल हे तिथेच ठरते. औषध कोणते आणि किती, हे यंत्राला कळत नाही, माणसानेच सांगायचे असते. तेव्हा आपल्या थिएटरमध्ये रोज लागणारी वीस-पंचवीस औषधे, त्यांची आपल्याकडे भरली जाणारी तीव्रता आणि नेहमीचे डोस अशी मोठी बटणे पहिल्याच पानावर हवीत. परदेशी बनावटीच्या यादीत मेफेन्टरमाईन सापडत नाही. मग ते 'इतर'मध्ये जाते, आणि वर्षाअखेर मोजायला गेले की त्या 'इतर'मध्ये निम्मी औषधे निघतात. त्याच यादीत अ‍ॅड्रेनालिन हे एपिनेफ्रिन या नावाने असते आणि इंग्रजी वर्णक्रमात एफेड्रिनला चिकटून बसते. घाईत बोट एक ओळ खाली घसरले की नोंदीत भलतेच औषध. ती नावे एकमेकांपासून लांब, वेगळ्या रंगात ठेवून घ्यावीत.

सिरिंजमधले औषध हळूहळू ढकलणाऱ्या सिरिंज पंपाच्या नोंदीत तीव्रतेची चूक ठरलेली. ५० मिलिलीटरमध्ये नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रक्तदाब टिकवणारे औषध ४ मिलिग्रॅम भरले तर एका मिलिलीटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम येतात, आणि तासाला ३ मिलिलीटर म्हणजे मिनिटाला ४ मायक्रोग्रॅम. सिरिंज ८ मिलिग्रॅमची भरली आणि संगणकात ४ चेच ठेवले, तर पेशंटला मिळतात ८ आणि नोंदीत दिसतात ४. अतिदक्षता विभागातला पुढचा डॉक्टर नोंद वाचून पंप लावतो, तेव्हा ही चूक कागदावरून पेशंटच्या नसेत उतरते. वजनाचेही तसेच. ५६ चे ६५ झाले की किलोमागे मोजलेले सगळे डोस चुकतात. वजन थिएटरमध्ये शिरताना तोंडी विचारून पुन्हा एकदा भरावे.

आणि ते तयार साचे. एक बटण दाबले की 'मशीन तपासले, डोळे पट्टीने झाकले, दाबाच्या जागी गाद्या दिल्या, नळी पहिल्या प्रयत्नात गेली' असे चार ओळींचे सुरेख गद्य उमटते. वेळ वाचतो, म्हणून सगळ्यांना आवडते. पण पाठीतून भूल दिलेल्या जाग्या बाईच्या चार्टवर 'डोळे पट्टीने झाकले' असे छापून आले की उरलेल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. साच्यातली प्रत्येक ओळ रिकामी यावी, केलेल्या गोष्टीपुढे खूण करावी. आधीच्या भेटीतली तपासणी जशीच्या तशी पुढे ओढणारे बटण तर बंदच करून घ्यावे. उपाशी राहिल्याची वेळ, म्हणजे पाणी दोन तास आधी आणि हलके खाणे सहा तास आधी थांबवले का, ही त्या दिवशी विचारूनच लिहायची गोष्ट आहे.

धावपळीच्या क्षणी टाईप करत बसू नये. पडद्यावर एक 'खूण' बटण असावे. दाबले की फक्त वेळ उमटते, तपशील नंतर भरायचा, आणि तो नंतर भरला हे नोंदीत दिसायचे. पडदा आणि कीबोर्ड भुलीच्या मशीनला लागून, पेशंटच्या डोक्याच्या बाजूला हवेत. भिंतीकडे तोंड करून बसवलेला संगणक भूलतज्ज्ञाची पाठ पेशंटकडे करतो. हे बसवणाऱ्या सुताराला आणि इलेक्ट्रिशियनला आधी सांगायला हवे, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात.

आता कोकण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, श्रीवर्धन-मुरूडपासून मंडणगड-दापोलीपर्यंत खांब आडवे झाले, वीज आणि मोबाईल दोन्ही कित्येक दिवस नव्हते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. अशा वादळांचे सोडा, एरवीच्या पावसाळ्यातही लाईट दिवसातून किती वेळा जाते ते कोकणातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. जनरेटर आपोआप सुरू होणारा असला तरी दहा-पंधरा सेकंद जातात, हाताने सुरू करायचा असला तर वॉचमन सापडेपर्यंत. मॉनिटरला स्वतःची बॅटरी असते, संगणकाला नसते. घरगुती इन्व्हर्टरवर लावलेला संगणक बदलाच्या झटक्यात पुन्हा सुरू होतो आणि त्यात पाच मिनिटे जातात. इथे ऑनलाइन यूपीएसच, म्हणजे वीज जाता-येताना क्षणभरही खंड न पडू देणारा, लागतो. छोटा संगणक, पडदा, नेटवर्कचा डबा आणि लहान सर्व्हर मिळून भार सुमारे २०० वॉट धरा. १ केव्हीएचा यूपीएस आणि १२ व्होल्ट, २६ अँपिअर-अवरच्या तीन बॅटऱ्या म्हणजे ३६ गुणिले २६, ९३६ वॉट-अवर. गळती धरून नव्या असताना तीनएक तास मिळतात, दोन-तीन वर्षांनी त्याचे दीड होतात. दर तीन महिन्यांनी, टेबलावर पेशंट नसताना, मुख्य वीज बंद करून प्रत्यक्ष किती मिनिटे चालते ते मोजून बॅटरीवरच मार्करने तारीख घालावी. वीज परत आल्यावर संगणक आणि सॉफ्टवेअर कोणी बटण न दाबता सुरू व्हावे, ही सेटिंग करून घ्यावी. आणि विंडोजचे अपडेट कामाच्या वेळेत बंद. ऐन ऑपरेशनमध्ये निळ्या पडद्यावर गोल फिरताना पाहणे नको.

साधा संगणक पेशंटपासून दीड मीटरच्या आत ठेवू नये, आणि मॉनिटरला तारेने जोडताना मध्ये विद्युत-विलगक, म्हणजे आकडे जाऊ देऊन वीज अडवणारा जोड, हवाच. नाहीतर संगणकाच्या वीजपुरवठ्यातली गळती त्या तारेवाटे मॉनिटरपर्यंत आणि तिथून पेशंटपर्यंत जायची वाट मिळते. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर मॉनिटर, संगणक आणि प्रिंटर खोचणे आपल्याकडे सर्रास दिसते. अर्थिंग तपासल्याशिवाय तर हे कामच सुरू करू नये.

खारी हवा तारांच्या टोकांना खाते. नेटवर्कच्या प्लगमधल्या आठ पट्ट्या आणि सिरियल पोर्टच्या पिना समुद्राजवळच्या गावांत लवकर काळवंडतात, आणि मग तार तुटलेली नसते, पण आकडे अधूनमधून गळतात. हा दोष शोधायला सगळ्यात अवघड, कारण इंजिनिअर येतो तेव्हा सगळे चालू असते. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात सगळी टोके काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावीत, शंका असलेला प्लग बदलावा. तो काही रुपयांत मिळतो. सिरियलच्या प्लगचे दोन्ही स्क्रू आवळलेले हवेत, नुसता खोचलेला प्लग मशीन सरकवताना अर्धा निघतो. रात्री एसी बंद झाल्यावर थिएटर दमट होते. पावसाळ्यात सकाळी एसी सुरू करून हवा कोरडी होऊ द्यावी आणि मगच यंत्रे चालू करावीत.

बॅकअपचे बोलायचे तर २२ जुलै २०२१ चे चिपळूण आठवावे. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची डिस्क एकाच पुरात जातात. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक दुसऱ्या गावात, तीही त्याच नदीकाठी नको. महिन्यातून एकदा कोणताही एक जुना पेशंट निवडून त्याचा चार्ट बॅकअपमधून उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. कोऱ्या छापील चार्टांचे गठ्ठे थिएटरच्या कपाटात कायम राहू द्यावेत, आणि प्रिंट लेझरवरच काढावी. थर्मल कागद आपल्या हवेत वर्षा-दोन वर्षांत कोरा होतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची आहेत, आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची आहेत. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही तेच नियम सांगतात. न्यायालयात संगणकाची नोंद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली दाखल होते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि सोबतच्या प्रमाणपत्रात फाईलचा अंकीय ठसा, म्हणजे हॅश, द्यावा लागतो. एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. चार्ट सही करून बंद केला की त्याच क्षणी हा ठसा काढून साठवणारे सॉफ्टवेअर असेल तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. बंद झाल्यावरची दुरुस्ती जुना मजकूर न पुसता, कोणी आणि कधी केली यासह दिसली पाहिजे.

इथे कोकणातली खास अडचण आहे. आपल्याकडचे बरेच भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाचे नसतात. सकाळी खेड, दुपारी चिपळूण, रात्री सिझरला लोटे. मग थिएटरमध्ये एकच पासवर्ड पडद्याला चिकटवलेला असतो आणि सगळे चार्ट एकाच नावाने भरले जातात. अशा नोंदीतून कोण हजर होते ते कधीच सिद्ध होत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला त्याचे स्वतःचे खाते हवे, ते दहा मिनिटांत उघडता यावे, आणि चार्टची पीडीएफ प्रत त्याला त्याच दिवशी रीतसर मिळावी. ती मिळत नाही म्हणूनच पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, पेशंटच्या नावासकट.

एवढ्या खटाटोपातून मिळते काय, असे ट्रस्टी विचारतील. पैशाचे उत्तर आधी देतो. सेव्होफ्लुरेन या हुंगवायच्या भुलीच्या औषधाचा खप मोजायचे ढोबळ सूत्र आहे: वायूचा प्रवाह लिटरमध्ये, गुणिले वाफेची टक्केवारी, गुणिले तीन, म्हणजे तासाला इतके मिलिलीटर. २ टक्के वाफ ६ लिटर प्रवाहावर तासाला ३६ मिलिलीटर खाते, १ लिटरवर ६. २५० मिलिलीटरची बाटली पहिल्या तऱ्हेने सात तासही पुरत नाही, दुसऱ्या तऱ्हेने एकेचाळीस तास जाते. कमी प्रवाहाला सोडालाइम, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारी चुनखडी, जास्त लागते आणि सुरुवातीची काही मिनिटे प्रवाह मोठा ठेवावा लागतो, तरी फरक डोळे पांढरे करणारा आहे. कोणत्या टेबलावर किती प्रवाह चालला हे कागदावर कोणी लिहीत नाही. संगणकाला मशीन जोडलेले असेल तर महिन्याचा तक्ता आपोआप मिळतो. तसाच दुसरा तक्ता सिझरचा: पाठीतल्या भुलीनंतर किती जणींचा वरचा दाब ९० च्या खाली गेला, किती मिनिटे राहिला, औषध किती मिनिटांत मिळाले. सुधारणा करायची तर हे तीन आकडे आधी हवेत.

आणि पेशंट पुढे पाठवताना. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला किंवा सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीला निघालेल्या रुग्णवाहिकेत हातात घाईने खरडलेली चिठ्ठी असते. त्याऐवजी एका पानावर शेवटच्या दोन तासांचे आलेख, दिलेली औषधे वेळेसह, चालू पंपांची तीव्रता आणि वेग, नळी कितव्या नंबरची आणि कुठे बांधली, असे छापून देता आले पाहिजे. निवड करताना हे पान विक्रेत्याकडून समोर छापून घ्यावे. बऱ्याच सॉफ्टवेअरमधून अकरा पाने निघतात आणि त्यात हवी ती ओळ नवव्या पानावर असते.

करारात दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल ते 'मुंबईहून' असे गृहीत न धरता लिहून घ्यावे. महामार्गाची आणि घाटांची पावसाळ्यातली स्थिती कंपनीला ठाऊक नसते. थिएटरमधला एक ब्रदर किंवा सिस्टर तारा, यूपीएस आणि घड्याळांपुरते शिकवून तयार करणे ही कंपनीची जबाबदारी ठरवावी. खरेदी शक्यतो मार्चमध्ये करून एप्रिल-मेमध्ये कागद आणि संगणक दोन्ही बरोबर चालवावेत, रोज दोन्ही चार्ट शेजारी ठेवून तपासावेत. आणि किमतीचा शेवटचा हप्ता एक अख्खा पावसाळा पार पडल्यावर, ऑक्टोबरात, खंड पडलेल्या नोंदींची यादी बघून द्यावा.

आपले,
कोकणात काम करणारे काही भूलतज्ज्ञ